परदेशी शिक्षणाचा हिशोब किनाऱ्यावर मांडू या

(मालवण इथे तरुण-तरुणींच्या बैठकीत केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मला विषय दिला आहे, 'लंडनमध्ये बिझनेसचं शिक्षण'. मी तिथे मॅनेजमेंटचा एक वर्षाचा मास्टर्स केला, त्यानंतर काही काळ नोकरी केली. म्हणून मला बोलावलं. अशा कार्यक्रमांत बहुतेक वेळा फोटो दाखवतात: टॉवर ब्रिज, बर्फ, पदवीदानाचा काळा झगा. मी फोटो आणलेले नाहीत, आकडे आणले आहेत. वही असेल तर काढा.

आपल्या किनाऱ्याला परदेश नवा नाही. मुंबईहून सुटणाऱ्या ब्रिटिश कंपन्यांच्या आगबोटींवर कोकणातले मुसलमान खलाशी असत. लंडनच्या गोदीजवळ लाइमहाउस भागात 1857 साली आशियाई आणि आफ्रिकी खलाशांसाठी एक वसतिगृह उघडलं, कारण जहाजावरून उतरलेल्या माणसांना राहायला जागा नसायची. पुढे आफ्रिका झाली, मग आखात. आज खारेपाटणपासून बांद्यापर्यंत आपल्या कुठल्याही मोहल्ल्यात जा, कुणीतरी कुवेत, दोहा किंवा दुबईत असतोच.

पण त्या जाण्यात आणि तुमच्या जाण्यात एक मोठा फरक आहे. खलाशी गेला की थोड्याच दिवसांत घरी पैसे येऊ लागत. आखातात गेलेला भाऊ दोन-तीन महिन्यांत पैसे पाठवतो. विद्यार्थी गेला की पहिल्या दिवसापासून पैसे घरातून बाहेर जातात. आपल्या घरांना पहिल्या प्रकारची सवय आहे. म्हणून 'मुलगा लंडनला गेला' म्हटलं की शेजारी पेढे मागतात आणि सहा महिन्यांनी विचारतात, काय पाठवलं? त्या मुलाकडे तेव्हा पुढच्या महिन्याचं भाडंही नसतं.

एका वर्षाचा तक्ता

लंडनमध्ये मॅनेजमेंटच्या मास्टर्सची फी विद्यापीठागणिक बदलते. पंधरा-सोळा हजार पौंडांपासून चाळीस हजारांच्या वरपर्यंत. नावाजलेल्या लंडन बिझनेस स्कूलचं एमबीए तर एक लाख पौंडांहून महाग आहे. आपण उदाहरणाला मधली 22,000 पौंड फी धरू. पौंड 120 रुपये धरू.

राहण्याचा खर्च. ब्रिटिश सरकार व्हिसा देताना म्हणतं, लंडनमध्ये शिकणार असाल तर महिन्याला 1,529 पौंडांप्रमाणे नऊ महिन्यांची रक्कम दाखवा. हा आकडा 11 नोव्हेंबर 2025 पासूनचा आहे. म्हणजे 13,761 पौंड, साधारण साडेसोळा लाख रुपये. ही रक्कम खात्यात सलग 28 दिवस असावी लागते. एका रात्रीपुरती मामूंकडून घेऊन दाखवली, असं चालत नाही. शिवाय दाखवायचे नऊ महिने असले तरी राहायचं बारा महिने असतं. बारा महिन्यांचे 18,348 पौंड लिहा.

व्हिसाची फी पाचशे पौंडांहून अधिक. तिच्यासोबत आरोग्य अधिभार आधीच भरावा लागतो. विद्यार्थ्यांना तो वर्षाला 776 पौंड आहे, पण एका वर्षाच्या मास्टर्सचा व्हिसा वर्षाहून लांब असल्यामुळे दीड वर्षाचे 1,164 पौंड जातात.

बेरीज करा. 42 हजार पौंडांच्या पुढे, म्हणजे 50 लाख रुपये. विमानाचं तिकीट, जाड कोट, लॅपटॉप यात नाही.

आता सगळ्यांचा आवडता प्रश्न: पार्टटाइम काम करून निघणार नाही का? स्टुडंट व्हिसावर मास्टर्सच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला 20 तास काम करता येतं. उन्हाळ्यात प्रबंध लिहायचा काळ हाही सत्रातच धरतात, हे अनेकांना तिथे गेल्यावर कळतं. 21 वर्षांवरच्या माणसाचं किमान वेतन एप्रिल 2026 पासून तासाला 12.71 पौंड. वीस तासांचे 254 पौंड, महिन्याचे 1,100. प्रत्येक आठवड्याला पूर्ण वीस तास काम मिळालं तर. खर्च 1,529. म्हणजे पार्टटाइम कामातून किराणा आणि बसभाडं निघेल, भाड्याचाही काही भाग निघेल. फी निघणार नाही, कर्ज तर नाहीच. 'मुलगा तिथे कमावून फी भरेल' असं कुणी घरी येऊन सांगत असेल, तर त्याला हाच गुणाकार करायला सांगा.

आणखी एक नियम बिझनेसच्या विद्यार्थ्यांनी पाठ करावा. स्टुडंट व्हिसावर स्वतःचा धंदा करता येत नाही. स्वतंत्र कामगार म्हणून सायकलवरून जेवण पोचवणं, घरी मसाले करून ऑनलाइन विकणं, हे सगळं त्यात येतं. दुसऱ्याच्या खात्यावरून डिलिव्हरी करणारी मुलं तिथे भेटतात. पकडलं गेलं की व्हिसा जातो, आणि पन्नास लाखांचा मास्टर्सही त्याच्याबरोबर जातो.

शिक्षण संपल्यावर

पदवी मिळाल्यावर 'ग्रॅज्युएट रूट' नावाच्या व्हिसावर तिथे राहून नोकरी शोधता येते, स्वतःचा धंदाही करता येतो. जुलै 2021 मध्ये हा व्हिसा सुरू झाला तेव्हा मुदत दोन वर्षांची होती. 1 जानेवारी 2027 पासून अर्ज करणाऱ्या पदवीधरांना, पीएचडीवाले सोडून, ती 18 महिने होणार आहे. त्यासाठी पुन्हा फी आणि पुन्हा आरोग्य अधिभार. त्यानंतर राहायचं तर कंपनीने स्पॉन्सर करावं लागतं. त्याची सर्वसाधारण पगारमर्यादा जुलै 2025 पासून वर्षाला 41,700 पौंड आहे. नव्याने नोकरीत येणाऱ्यांना काही अटींवर ती 33,400 आहे. दुकानातली किंवा कॅफेतली नोकरी त्यात बसत नाही.

हे ऐकून घाबरू नका, पण वेळापत्रक बदला. मोठ्या कंपन्यांची पदवीधरांसाठीची भरती शरद ऋतूत सुरू होते, म्हणजे तुम्ही सप्टेंबरात पोचलात की लगेच. पहिले दोन महिने शहर बघण्यात गेले तर भरतीचा हंगाम निघून जातो. आपल्याकडे मृग नक्षत्र चुकलं की पेरणीचं जे होतं, तेच. जाण्याआधीच सीव्ही तयार ठेवा, विद्यापीठाच्या करिअर विभागात पहिल्याच आठवड्यात नाव नोंदवा. ती सेवा तुमच्या फीमध्येच आहे.

आणि परत यावं लागलं तर? तोही रकाना तक्त्यात हवा. 30 लाखांचं कर्ज 11 टक्के दराने दहा वर्षांसाठी घेतलं, तर महिन्याचा हप्ता साधारण 41 हजार बसतो. शिकत असतानाचं व्याज वेगळं. मुंबईत किंवा पुण्यात सुरुवातीला किती पगार मिळेल, तो आकडा या हप्त्याशेजारी लिहा. दोन्ही आकडे एका पानावर दिसले की निर्णय सोपा होत नाही, पण खरा होतो.

या तक्त्यात आणखी एक रकाना काढा: मुंबई. आशियातलं पहिलं वाणिज्य महाविद्यालय मानलं जाणारं सिडनहॅम 1913 पासून तिथे आहे, जमनालाल बजाज आहे, पवईच्या 'नीटी'चं 2023 साली आयआयएम मुंबई झालं. लंडनला जायचं ते या रकान्यापेक्षा तिथे काहीतरी जास्त मिळतं म्हणून. मुंबईची परीक्षा टाळायची म्हणून पन्नास लाख घालवू नका.

एजंटबद्दल एवढंच सांगते. बऱ्याच विद्यापीठांकडून एजंटला प्रत्येक प्रवेशामागे कमिशन मिळतं. म्हणजे तो तुम्हाला फुकट सल्ला देतो तेव्हा त्याचे पैसे दुसरीकडून आलेले असतात. हे बेकायदा नाही, पण जिथे कमिशन जास्त तिकडे त्याची होडी वळणार. म्हणून विद्यापीठाचं नाव ब्रिटिश सरकारच्या परवानाधारक संस्थांच्या यादीत आहे का ते स्वतः बघा; ती यादी सगळ्यांना खुली असते. त्याच अभ्यासक्रमाच्या तीन माजी विद्यार्थ्यांशी बोला, आणि ते तिघे एजंटने दिलेले नसावेत.

मग जायचं कशाला?

जाण्यासारखं आहे, म्हणूनच हिशोब करायचा. मला तिथे काय मिळालं ते सांगते.

पहिली गोष्ट, प्रश्न विचारण्याची सवय. वर्गात आठवड्याचे तास थोडे, वाचन प्रचंड. एखाद्या कंपनीची हकिकत वाचून यायचं आणि 'तुम्ही मालक असता तर काय केलं असतं?' याचं उत्तर द्यायचं. प्राध्यापकांना नावाने हाक मारायची, त्यांचं चूक वाटलं तर तसं म्हणायचं. आपल्याकडे मोठ्यांसमोर गप्प बसणं हा अदब मानतात. तिथे गप्प बसणाऱ्याने वाचलेलंच नाही, असं धरतात. गटात एक मुलगी नायजेरियाची, एक मुलगा चीनचा, एक ब्राझीलचा. प्रत्येकाचं इंग्रजी वेगळं आणि प्रत्येकाला घाई. आपल्या मराठी माध्यमाच्या इंग्रजीची लाज दुसऱ्या आठवड्यातच गळून पडते.

दुसरी गोष्ट, आपलाच माल लांबून बघता येतो. 1 मे 2014 पासून युरोपीय संघाने भारतीय आंब्यावर बंदी घातली होती, पेट्यांत फळमाशी सापडली म्हणून. ब्रिटन तेव्हा संघात होतं. तपासणीची व्यवस्था सुधारल्यावर 2015 च्या सुरुवातीला बंदी उठली. इथे आपल्याला एवढंच ठाऊक होतं की त्या वर्षी निर्यात अडली. पुरवठा साखळीच्या वर्गात बसल्यावर पुढचे प्रश्न सुचतात. झाडापासून साउथॉलच्या दुकानापर्यंत पेटी किती हातांतून जाते? प्रत्येक हातात किती पैसे राहतात? तपासणी कुणी करायची, आणि फळ नाकारलं तर तोटा कुणाचा? वेंगुर्ल्याच्या काजूला आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या कोकमाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हापूसला 2018 मध्ये. मानांकन म्हणजे नावावरचा हक्क. त्या नावाचे पैसे बागायतदाराच्या हातात कसे पडतील, हे काम अजून व्हायचं आहे. बिझनेस शिकलेल्या माणसाला सिंधुदुर्गात काय काम, असं विचारणाऱ्याला हे उत्तर द्या.

तिसरी गोष्ट, शहर स्वतः. डिसेंबरात दुपारी चारच्या आधी सूर्य मावळतो आणि तेव्हा घर फार आठवतं. त्यासाठी माणसं लागतात. ईस्ट लंडनच्या मशिदीत रमजानमध्ये इफ्तारला बसलं की एका रांगेत बांगलादेशी, सोमाली, तुर्क आणि गोरे मुसलमान दिसतात. प्रत्येकाची सवय वेगळी, प्रत्येकाला वाटतं आपलीच रीत मूळची. आपल्या मोहल्ल्याची रीत म्हणजेच धर्म, हा समज तिथे हळूहळू सैल होतो. पण फक्त देशी लोकांतच राहिलात तर पन्नास लाख देऊन मोहल्लाच विकत घेतला असं होईल.

व्याज, कर्ज आणि लिहून ठेवणं

आपल्या घरांत एक प्रश्न येतोच. बँकेचं कर्ज म्हणजे व्याज, ते चालतं का? मी आलिम नाही, फतवा देणार नाही. हा प्रश्न फक्त आपला आहे असं मात्र समजू नका. ब्रिटनमधल्या मुसलमान विद्यार्थ्यांनीही सरकारकडे बिनव्याजी शैक्षणिक मदत मागितली, 2014 मध्ये त्यावर सरकारने लोकांची मतं मागवली, 2017 च्या उच्च शिक्षण कायद्यात तरतूद झाली, आणि त्यानंतरही ते विद्यार्थी वर्षानुवर्षं वाट बघत राहिले.

मला वेगळ्या गोष्टीची काळजी वाटते. व्याज नको म्हणून आपण नातेवाइकांकडून घेतो. चाचांनी पाच लाख दिले, खालाने बांगड्या मोडल्या, भावाने दुकान घ्यायचं लांबवलं. धाकट्या बहिणीचं बीएड राहिलं. याला व्याज लागत नाही, पण किंमत असते, आणि ती कुठेच लिहिलेली नसते. 'घरातलं घरात, लिहायचं काय?' असं म्हणतात. कुरआनच्या सूरह बकरातली 282 वी आयत, सगळ्यांत लांब आयत, मुदतीचं कर्ज लिहून ठेवायला सांगते, साक्षीदारांसह. लिहिणं म्हणजे अविश्वास नव्हे. ज्याने दिलं त्याचा तो हक्क आहे.

बँकेकडे जायचं ठरवलं तर कोकणातली एक अडचण आधीच बघा. मोठ्या कर्जाला बँक तारण मागते. आपल्या जमिनीच्या सातबाऱ्यावर आजोबांच्या काळापासूनची सामायिक नावं असतात. त्यातले काही मुंबईत, काही आखातात. शेतजमीन तारण घ्यायलाही अनेक बँका तयार नसतात. घराचे कागद नीट करायला महिने लागतात. प्रवेशाचं पत्र हातात आल्यावर धावाधाव केली तर माणूस महागड्या विनातारण कर्जाकडे वळतो. म्हणून पदवीच्या दुसऱ्या वर्षातच कागद बघायला घ्या.

आता सरकारकडे वळू. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणाच्या कर्जावर शिक्षणकाळातलं व्याज केंद्र सरकार भरत असे. 'पढो परदेश' ही ती योजना. घरचं उत्पन्न वर्षाला सहा लाखांपर्यंत असलेल्यांसाठी होती, त्यात 35 टक्के वाटा मुलींसाठी राखीव होता. 2022-23 पासून ती बंद झाली. ती गेली तेव्हा आपल्या जिल्ह्यात किती जणांनी आवाज उठवला? बऱ्याच जणांना ती होती हेच माहीत नव्हतं. वापर कमी म्हणून योजना जाते, आणि माहिती नाही म्हणून वापर कमी राहतो. आजही राज्याच्या अल्पसंख्याक विकास विभागाची परदेशी शिक्षणाची शिष्यवृत्ती आहे. जागा मोजक्या, विद्यापीठ जागतिक क्रमवारीत वरचं लागतं. ब्रिटिश सरकारची चीव्हनिंग शिष्यवृत्ती पूर्ण खर्च देते; तिला पदवीनंतर साधारण दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, आणि शिकून झाल्यावर दोन वर्षं मायदेशी परतावं लागतं. दोन वर्षं इथे नोकरी करून मग अर्ज करणं, हा पन्नास लाखांच्या कर्जापेक्षा कितीतरी शहाणा मार्ग आहे.

मुलींसाठी दोन शब्द

इथे बसलेल्या बहिणींना घरी विचारतील, 'एकटी कशी राहशील?' हा प्रश्न मलाही विचारला गेला. त्याचं उत्तर वाद घालून देऊ नका, तपशील देऊन द्या. विद्यापीठाच्या वसतिगृहात फक्त मुलींचे मजले कुठे आहेत, स्टेशनपासून किती चालावं लागतं, काम किती वाजता सुटेल, अडचणीत कुणाला फोन करायचा, हे कागदावर आणा. भाड्याने घर घेतलंत आणि घरमालक त्याच घरात राहत नसेल, तर इंग्लंडमध्ये त्याला डिपॉझिट 30 दिवसांत मान्यताप्राप्त योजनेत सुरक्षित ठेवावं लागतं. असे बारकावे ठाऊक असलेली मुलगी बघितली की अब्बांचा आवाज खाली येतो.

आणि एक प्रश्न उलटा विचारा. भावासाठी कर्ज काढताना जो तक्ता मांडला नाही, तो माझ्यासाठीच का मांडता? दोघांसाठी मांडा. मग ज्याचा तक्ता चांगला, त्याला पाठवा.

आंबेडकरांची चार वर्षं

कोकणाशी नातं असलेल्या एका विद्यार्थ्याची गोष्ट सांगते. बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं आंबवडे. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर ते 1913 मध्ये न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले, 1916 मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि 1917 मध्ये अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं. पण निघताना त्यांनी चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची विद्यापीठाची परवानगी घेतली. मुंबईत सिडनहॅम महाविद्यालयात 1918 ते 1920 शिकवलं, पगारातून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राचं कर्ज घेतलं, आणि 1920 मध्ये पुन्हा लंडन गाठलं. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ 1923 मध्ये प्रसिद्ध झाला.

त्यांच्या बुद्धीबद्दल आपण नेहमी ऐकतो. मला त्यांचं नियोजन दिसतं. पैसे संपले तेव्हा त्यांनी दार बंद केलं नाही, मुदत मागून घेतली. जाणं पुढे ढकलणं म्हणजे हरणं नव्हे, हे आपल्या घरांना सांगायला याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही.

आपण काय करायचं

या किनाऱ्यावर रापण ओढली की मासळीचे वाटे सगळ्यांसमोर पडतात. किती मिळालं, जाळ्याचा वाटा किती, माणसाचा किती, हे वाळूतच ठरतं. परदेशाचा हिशोब मात्र आपल्याकडे बंद दाराआड असतो. जहाजावरून आलेला माणूस अत्तर आणि ब्लँकेटं दाखवायचा, पगार सांगायचा नाही. आज आपण इन्स्टाग्रामवर टॉवर ब्रिज दाखवतो, भाडं सांगत नाही. मागचा गप्प बसतो म्हणून पुढचा आंधळा जातो.

म्हणून तीन कामं सुचवते. जे जाऊन आले त्यांनी आपला पूर्ण तक्ता, नाव न घालता का होईना, लिहून द्यावा: फी, भाडं, कर्ज, पहिली नोकरी किती महिन्यांनी, पहिला पगार किती. माझा मी आज संयोजकांकडे दिला आहे. दुसरं, प्रत्येक तालुक्यात एका तरी शाळेत किंवा ग्रंथालयात शिष्यवृत्तीच्या तारखा लावणारा एक फळा आणि तो भरणारा एक माणूस असावा. तिसरं, बंद झालेल्या आणि अपुऱ्या योजनांबद्दल आपण नागरिक म्हणून लेखी मागणी करावी. आमदार-खासदारांना निवेदन द्यावं, माहिती अधिकारात विचारावं की सिंधुदुर्गातून किती अर्ज गेले आणि किती मंजूर झाले. ही भीक नाही, हा अर्थसंकल्पातला आपला हक्क आहे.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकाने आपला तक्ता भरून आणा. लंडनचा, बर्लिनचा, टोरांटोचा, मुंबईचा, कुठलाही. आपण तो एकमेकांचा तपासू.